पाळकांशी मतभेद असूनही मंडळीत राहायचं असेल तर

पाळकांचा (मंडळी म्हणजे चर्च सांभाळणाऱ्या धर्मसेवकांचा) उपदेश चालू असतो आणि एका वाक्यावर मन अडतं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. घरी परतताना वाटेत विषय तोच निघतो आणि जेवणापर्यंत पुरतो. पण बाप्तिस्मा याच मंडळीत झालेला असतो, मुलं इथल्याच रविवारच्या शाळेत शिकतात, दुखण्याखुपण्यात धावून आलेली माणसं इथलीच असतात. अशा वेळी बहुतेकांना दोनच वाटा दिसतात: सोडून जायचं किंवा गप्प बसायचं. गप्प बसलेला माणूस एक तर हळूहळू कडवट होतो, नाही तर एखाद्या क्षुल्लक निमित्ताने भडकून निघून जातो. तिसरी वाट म्हणजे मतभेद स्वतःशी मान्य करायचा, योग्य माणसाशी योग्य जागी बोलायचं आणि आपली सेवा चालू ठेवायची. ही वाट आपोआप जमत नाही, म्हणून ती इथे टप्प्याटप्प्याने मांडली आहे.

मतभेद आधी एका वाक्यात लिहून काढा

"पाळकांचं हल्ली काही पटत नाही" या वाक्यावर कुणाशीच बोलता येत नाही. वही घ्या आणि लिहा: काय म्हटलं किंवा केलं, कोणत्या दिवशी, आणि त्यात मला नेमकं काय चुकीचं वाटतं. एका वाक्यात मावत नसेल, तर मतभेद एकाहून जास्त आहेत. ते सुटे करा. पाच तक्रारींची मोट बांधून नेली की समोरचा माणूस त्यातली सर्वांत दुबळी तक्रार उचलतो, तिला उत्तर देतो आणि उरलेल्या चार तिथेच राहतात.

मतभेद उपदेशाबद्दल असेल तर आठवणीवर विसंबू नका. ध्वनिमुद्रण असेल तर तो भाग पुन्हा ऐका. ज्या उताऱ्यावर उपदेश झाला तो अध्याय मागच्या-पुढच्या अध्यायांसह वाचा. बिरुया शहरातल्या लोकांनी प्रेषित पौलाचं बोलणं मोठ्या उत्सुकतेने ऐकलं आणि ते तसंच आहे का हे रोज शास्त्रात तपासलं, असं प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये म्हटलं आहे, आणि ते कौतुकाने म्हटलं आहे. त्यांच्यात उत्सुकता आणि तपासणी दोन्ही होती. नुसती तपासणी उरली की ऐकणारा परीक्षक होऊन बसतो. दोन-तीन दिवस जाऊ द्या. पुष्कळदा असं लक्षात येतं की वाक्य तुम्हाला आठवतं तसं नव्हतंच, किंवा ते तुमच्या दुसऱ्याच एका जखमेवर बसलं होतं.

मतभेद कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

पुढचं सगळं यावर ठरतं, म्हणून इथे घाई करू नका.

काही मतभेद विश्वासाच्या गाभ्याचे असतात: देव कोण, ख्रिस्त कोण, तारण कशाने, पुनरुत्थान झालं की नाही. तुमच्या मंडळीचं विश्वासाचं लेखी निवेदन, म्हणजे विश्वासांगीकार, काढून शेजारी ठेवा. पाळकांची शिकवण त्याच्या विरुद्ध जात असेल तर प्रश्न तुमच्या एकट्याच्या मताचा राहत नाही. पाळकांनी ज्या शिकवणीची शपथ घेतली तिचाच तो प्रश्न होतो.

दुसरे दुय्यम शिकवणीचे: शेवटच्या काळाचा क्रम, आत्मिक दानं, उपवास, दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग अर्पण करणं) सक्तीचा की ऐच्छिक. इथे रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय लागू होतो. खाण्यापिण्यावरून आणि दिवस पाळण्यावरून भांडणाऱ्या लोकांना पौल सांगतो की प्रत्येकाने आपल्या मनाची पक्की खात्री करून घ्यावी आणि दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करू नये. "अत्यावश्यकात एकता, इतर बाबतींत स्वातंत्र्य, सर्व बाबतींत प्रीती" हे वचन पुष्कळदा प्राचीन मंडळीतले बिशप ऑगस्टीन यांच्या नावावर सांगितलं जातं. ते प्रत्यक्षात सतराव्या शतकातलं आहे, युरोप धर्माच्या नावाखाली दुभंगला होता त्या काळातलं. 

तिसरे कारभाराचे: उपासनेची वेळ, गायनाची पद्धत, इमारतीचा खर्च, कुणाला कोणतं काम दिलं. आणि चौथे निव्वळ स्वभावाचे: पाळक तुटक बोलतात, भेटायला येत नाहीत, उपदेश लांबवतात. माणसं चौथ्या जातीचा मतभेद पहिल्या जातीचे कपडे घालून मांडतात, आणि सगळ्यात जास्त नुकसान त्याने होतं. "ते आजारपणात आले नाहीत" हे दुःख खरं आहे. ते दुःख म्हणूनच सांगा, त्याला "त्यांच्यात आत्मा नाही" असं रूप देऊ नका. ओळखायची एक सोपी कसोटी आहे: हेच वाक्य तुमच्या आवडत्या पाळकांनी म्हटलं असतं तर एवढं टोचलं असतं का?

पाचवी जात गैरवर्तनाची: पैशांची लपवालपवी, खोटेपणा, लैंगिक किंवा मानसिक छळ, लहान मुलांना इजा. याला मतभेद म्हणायचंच नाही. त्याची वाट वेगळी आहे आणि ती पुढे दिली आहे.

पाळकांची नेमणूक कोण करतं ते जाणून घ्या

हा भाग बहुतेक सभासद वगळतात आणि मग चुकीच्या दारावर वर्षभर टकटक करतात. मंडळीची घटना किंवा नियमावली सचिवांकडे मागा. त्यात चार गोष्टी शोधा: पाळकांना नेमतं आणि काढतं कोण, सभासदांना मत कशावर असतं, वार्षिक सभेची सूचना किती दिवस आधी द्यावी लागते व गणसंख्या किती, आणि हिशेब कोण तपासतं.

बिशप असलेल्या व्यवस्थेत पाळक बदलून जातात. अनेक मेथडिस्ट मंडळ्यांत ही बदली हा व्यवस्थेचाच भाग असतो. तिथे मतभेद स्वभावाचा किंवा कारभाराचा असेल तर काळ हाही एक उपाय असतो. प्रेस्बिटेरियन व्यवस्थेत मंडळी पाळकांना पाचारण करते आणि प्रेस्बिटेरी (त्या भागातल्या मंडळ्यांचं वरचं मंडळ) त्याला मान्यता देते. पाळक साधारणपणे स्थानिक मंडळीचे नव्हे, तर प्रेस्बिटेरीचे सभासद असतात. त्यामुळे त्यांच्या शिकवणीबद्दलची गंभीर तक्रार शेवटी तिकडे जाते. बॅप्टिस्ट आणि इतर काँग्रिगेशनल (म्हणजे आपला कारभार आपणच पाहणाऱ्या) मंडळ्यांत निर्णय सभासदांच्या मताने होतो, म्हणून तिथे वार्षिक सभा चुकवून नंतर कुरकुर करणं अन्यायाचं ठरतं. कॅथोलिक चर्चमध्ये १९८३ च्या धर्मसंहितेचं कलम २१२ सांगतं की आपल्या ज्ञानाप्रमाणे आपलं मत धर्मगुरूंना आदराने कळवण्याचा श्रद्धावंतांना हक्क आहे आणि कधीकधी ते त्यांचं कर्तव्यही आहे. त्याच संहितेनुसार पॅरिशच्या (स्थानिक धर्मग्रामाच्या) पाळकीय परिषदेचा सल्ला बंधनकारक नसतो (कलम ५३६), पण आर्थिक परिषद प्रत्येक पॅरिशमध्ये असायलाच हवी (कलम ५३७).

स्वतंत्र मंडळ्यांत, जिथे संस्थापकच पाळक असतात आणि वर कुणी नसतं, तिथे जास्त सावध राहा. वडीलमंडळ, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या 'वडील' नावाच्या पुढाऱ्यांची समिती, खरोखर नकार देऊ शकते का, हे विचारा. गेल्या काही वर्षांत पाळकांचा एकही प्रस्ताव नामंजूर झालेला नसेल, तर वडीलमंडळ नावापुरतंच असण्याची शक्यता मोठी.

पहिलं बोलणं पाळकांशीच

अपुल्लो नावाचा उपदेशक मोठा वक्ता होता, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला सभास्थानात टोकलं नाही. त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला (प्रेषितांची कृत्ये १८:२६). उपदेशकाची चूक कशी दुरुस्त करावी याचं याहून चांगलं उदाहरण शास्त्रात सापडणं कठीण.

भेट रविवारी मागू नका. उपासनेआधी पाळकांचं मन उपदेशात असतं आणि उपासनेनंतर ते दमलेले असतात. दाराशी हस्तांदोलन करताना फेकलेला शेरा त्यांच्या मनात आठवडाभर सलतो आणि उत्तर मात्र कुणालाच मिळत नाही. त्यांचा सुट्टीचा दिवस टाळून आठवड्याच्या मधला दिवस निवडा, पाऊण तास मागा, आणि विषय आधीच सांगा: "पाळकसाहेब, गेल्या रविवारी दशमांशाबद्दल आपण जे बोललात, त्याबद्दल मला काही विचारायचं आहे. या आठवड्यात पाऊण तास मिळेल का?" विषय न सांगता "जरा बोलायचं होतं" म्हटलं तर समोरचा माणूस भेटीपर्यंत नाना तर्क करत बसतो आणि बचावाच्या तयारीनेच येतो.

भेटीत एकच विषय घ्या. सुरुवात प्रश्नाने करा: "आपण असं म्हणालात, असं मला ऐकू आलं. मी बरोबर समजलो का?" या प्रश्नाने निम्मे मतभेद तिथेच विरतात. मग आपलं म्हणणं मांडा, शास्त्रवचनासह, तीन-चार वाक्यांत. मग थांबा आणि ऐका. शेवटी पुढे काय हे ठरवा: पाळक विचार करून सांगतील का, कधी सांगतील, तुम्ही काही वाचणार आहात का. घरी आल्यावर त्याच दिवशी चार ओळींची नोंद करून ठेवा. पुरावा जमवण्यासाठी नव्हे, महिन्याभराने दोघांच्या आठवणी वेगळ्या होतात म्हणून.

बोलणं बिघडतं ते ठरलेल्या ठिकाणी. "पुष्कळांना असं वाटतं" हे वाक्य टाळा. पाळक विचारतात "कोणाला?", तुम्ही नावं सांगू शकत नाही, आणि मूळ मुद्दा बाजूला पडून गटबाजीचा संशय येतो. फक्त स्वतःच्या वतीने बोला. लांबलचक पत्र किंवा मोबाइलवरचा संदेश पाठवू नका, कारण लिखाणात सूर कळत नाही आणि ते दहा जणांकडे पोहोचायला वेळ लागत नाही. समाजमाध्यमावर तर अजिबात नको. आणि प्रार्थनासभेत "आपल्या पाळकांना देवाने समज द्यावी" अशी प्रार्थना करणं ही डोळे मिटून केलेली चहाडीच आहे.

पौलाने पेत्राला सर्वांसमोर खडसावलं, असा दाखला इथे नेहमी दिला जातो. गलतीकरांस पत्र २:११ ते १४ नीट वाचा. तिथे कृती सर्वांसमोर घडली होती, तिने इतरही वाहवत चालले होते, आणि प्रश्न सुवार्तेच्या गाभ्याचा होता. गायनाच्या पद्धतीसाठी ते वचन वापरता येत नाही.

पहिल्या भेटीत काहीच निष्पन्न झालं नाही तर

चार-सहा आठवडे थांबून पुन्हा एकदा विचारा. मतभेद दुय्यम शिकवणीचा किंवा स्वभावाचा असेल तर बहुधा इथेच थांबायचं असतं. "आपलं यावर एकमत नाही, हे आपण दोघांनी मान्य करू" असं पाळकांना स्पष्ट म्हणता आलं, तर दोघांच्याही डोक्यावरचं ओझं उतरतं.

मतभेद गाभ्याचा असेल किंवा अपराधाबद्दल असेल तर पुढे जा. मत्तय १८:१५ ते १७ मधला क्रम असा: आधी एकांतात, मग एक-दोन जणांना सोबत घेऊन, मग मंडळीसमोर. मंडळीच्या वडिलांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय दाखल करून घेऊ नये, असं १ तीमथ्य ५:१९ सांगतं, पण त्याच्याच पुढच्या वचनात पाप करणाऱ्यांचा दोष सर्वांसमोर दाखवायलाही सांगितलं आहे. एक वचन पाळकांना उडत्या अफवांपासून वाचवतं, दुसरं मंडळीला पाळकांपासून. सोबत नेलेली माणसं तुमच्या बाजूची असण्यापेक्षा दोघांचाही विश्वास असलेली असावीत. मग वडीलमंडळ किंवा समितीकडे लेखी द्या: एक पान, तारखा, शब्द, आधी झालेल्या भेटी आणि तुमची नेमकी मागणी.

कारभाराच्या प्रश्नाला मात्र व्यवस्थेचं उत्तर लागतं. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी त्यांना बंडखोर ठरवलं नाही. लोकांना सात जण निवडायला सांगितले आणि निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणून तक्रारीसोबत सुचवणूक न्या: हिशेब तिमाहीला फलकावर लावावा, भेटी देण्यासाठी पाच जणांचा गट करावा, आणि त्या पाचांत माझं नाव धरावं.

"आपल्या अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा" हे इब्री १३:१७ तोंड बंद करायला वापरलं जातं. त्याच वचनात पुढे आहे की त्या अधिकाऱ्यांना हिशेब द्यायचा आहे, आणि १ पेत्र ५:३ मंडळीच्या वडिलांना बजावतं की त्यांनी हाताखालच्यांवर धनीपण गाजवू नये.

राहताना रोज काय करायचं

अशा पाळकांच्या हातून प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) घ्यावं का, हा प्रश्न माणसाला खरोखर छळतो. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत यावरून मंडळी दुभंगली होती. ३०३ साली सुरू झालेल्या छळात काही धर्मसेवकांनी पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले होते. अशांच्या हातचे संस्कार खरे नाहीत, असं डोनॅटिस्ट नावाचा फुटून निघालेला गट म्हणे. ऑगस्टीनने त्यांना उत्तर दिलं की संस्कार ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्या हाताचा नाही. पुढे १५३० च्या ऑग्सबर्ग विश्वासांगीकाराच्या आठव्या कलमात आणि अँग्लिकन एकोणचाळीस कलमांपैकी सव्विसाव्यात हीच भूमिका आली, आणि सव्विसाव्या कलमात वाईट सेवकांची चौकशी करून त्यांना काढावं असंही जोडलं गेलं. तेव्हा पाळकांशी मतभेद आहे म्हणून प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर राहू नका. मनात वैर असेल तर मात्र आधी समेटाचा प्रयत्न करा.

उपदेश ऐकताना दोन रकाने करा: एकात घेण्यासारखं, दुसऱ्यात तपासण्यासारखं. पहिला रकाना रिकामा ठेवायचा नाही, निदान वाचलेलं वचन तरी त्यात येतंच. आठवडाभर इतर उपदेशकांना ऐकायला हरकत नाही, पण ज्याला आजारी माणसाला भेटायला जावं लागत नाही त्या दूरच्या वक्त्याशी आपल्या पाळकांची तुलना करणं न्यायाचं नाही.

सेवा सोडू नका, पण ती निवडा. स्वच्छता, आजाऱ्यांच्या भेटी, गायन, हिशेब, तरुणांची मदत या कामांत शिकवणीचा मतभेद आड येत नाही. तुम्ही स्वतः शिकवत असाल तर प्रश्न नाजूक आहे. वर्गात पाळकांच्या विरुद्ध शिकवणं हा विश्वासघात होतो आणि पटत नसलेलं शिकवणं हा खोटेपणा. तो धडा दुसऱ्याला द्यावा असं आधीच सांगा. असे धडे वर्षात एक-दोन असतील तर चालतं, दर महिन्याला येत असतील तर शिकवण्याचं काम सोडून दुसरं घ्या.

अर्पण थांबवून दबाव आणू नका. त्याने आधी पगार रखडतो तो झाडलोट करणाऱ्याचा. एखादा खर्च पटत नसेल तर सभेत विरोध नोंदवा, आणि नियमात बसत असेल तर ठरावीक निधीसाठी द्या, उघडपणे. सभेत एकदा स्पष्ट विरोध करा, तो इतिवृत्तात येऊ द्या आणि ठराव मंजूर झाला की बाहेर येऊन नवी सभा भरवू नका.

कुणी तुमच्याजवळ पाळकांची निंदा सुरू केली तर एकच प्रश्न पुरतो: "हे तुम्ही त्यांच्याशी बोललात का?" तुमचा मतभेद लोकांना कळला की असे लोक तुमच्याकडे येणारच, आणि तुमच्या नकळत तुमच्याभोवती गट तयार होतो. बोलायला एक विश्वासू माणूस ठेवा, शक्यतो मंडळीबाहेरचा. मुलांसमोर "आमचं आणि पाळकांचं या गोष्टीवर एकमत नाही, तरी आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करतो" एवढंच सांगा आणि खरोखर प्रार्थना करा, नाव घेऊन, त्यांच्या घरच्यांसाठीही.

मुदत ठरवा

अनिश्चित काळ राहणं माणसाला झिजवतं. सहा महिन्यांनी एक दिवस ठरवून वही काढा. प्रार्थना जिवंत आहे का? पाळकांनी काही चांगलं केलं तर आनंद होतो का? त्यांची चूक सापडली की सुटल्यासारखं वाटत असेल, शनिवारी रात्रीच जीव जड होत असेल, घरात देवाचं नाव निघालं की भांडण होत असेल, तर राहणं तुम्हाला आतून पोखरतंय. ही लक्षणं दोनदा लागोपाठ दिसली तर जाण्याचा विचार करा.

जिथे राहायचं नाही

मुलांना किंवा कुणालाही इजा होत असेल तर मत्तय १८ ची पायरी-पायरी वापरू नका. आधी त्या व्यक्तीला सुरक्षित करा आणि पोलिसांकडे जा. अंतर्गत चौकशीची वाट पाहू नका, पीडिताला आरोपीसमोर बसवून "समेट" करायला लावू नका. हिशेब मागितल्यावर शाप किंवा बहिष्काराची धमकी मिळत असेल, किंवा गाभ्याची शिकवण उघड नाकारली जात असून वरचे अधिकारीही गप्प असतील, तर निघा.

निघताना पाळकांना स्वतः भेटून कारण सांगा, किल्ल्या, वह्या आणि शिल्लक रक्कम सही घेऊन सुपूर्त करा, सभासदत्वाचं पत्र मागा, आणि कुणाला सोबत ओढू नका. पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांच्यात मार्क नावाच्या तरुण मदतनिसावरून कडाक्याचा वाद झाला आणि ते वेगळे झाले (प्रेषितांची कृत्ये १५:३९). पुढे तुरुंगातून पौल त्याच मार्कला घेऊन ये म्हणून लिहितो: "सेवेसाठी तो मला उपयोगी आहे."

राहिलात आणि यथावकाश नवे पाळक आले, तर पहिल्या भेटीत जुन्या तक्रारींची यादी त्यांच्या हाती ठेवू नका. निदान सहा महिने त्यांना मंडळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या. त्यांनी विचारलं तर घडलं तेवढंच सांगा, आणि आधीच्या पाळकांनी ज्या गोष्टी चांगल्या केल्या त्या आधी सांगा.